ग्रंथपाल मॅडमना अनावृत आभार पत्र

सोलापूर

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

माझा पीएच.डी.चा प्रबंध पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाला सादर झाला आहे. ऋणनिर्देशात आपला उल्लेख एका ओळीत आला. परंतु आपली मदत त्या ओळीत मावणारी नाही आणि ती माझ्या एकटीपुरतीही नव्हती, म्हणून हे पत्र सर्वांसाठी खुले लिहीत आहे.

तेलंगणातून सोलापुरात आलेल्या पद्मशाली विणकर कुटुंबांचे स्थलांतर हा माझा विषय. कामाच्या आरंभीच आपण मला एन-लिस्टचे, म्हणजे महाविद्यालयांना ऑनलाइन नियतकालिके आणि पुस्तके पुरवणाऱ्या योजनेचे, लॉगिन काढून दिलेत. इन्फ्लिबनेट या ग्रंथालये जोडणाऱ्या राष्ट्रीय केंद्राच्या या योजनेमुळे अनुदानित महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही घरून नियतकालिके वाचता येतात, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या आवाजात राहणाऱ्या आणि संध्याकाळी ग्रंथालयात थांबू न शकणाऱ्या मुलींच्या मोबाइलवर आपण स्वतः हे लॉगिन सुरू करून दिलेत. ग्रंथालयाची वेळ आणि घरचे काम यांत निवड करण्याची त्यांची अडचण त्यामुळे पुष्कळ कमी झाली.

शोधगंगेवरील, म्हणजे भारतातील पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील, प्रबंध कसे शोधावेत, हे तर मी आपल्याकडूनच शिकले. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2009 च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक झाले खरे, पण अनेक मराठी प्रबंध जुन्या, युनिकोड (कोणत्याही संगणकावर वाचता-शोधता येणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. मराठीत शब्द टाकून शोधले, तर त्यांच्या आतला मजकूर हाती लागत नाही. अशा वेळी विभाग, मार्गदर्शक आणि वर्ष यांच्या आधारे वाट कशी काढावी, हे आपण दाखवलेत. एवढ्यावर न थांबता आपल्या ग्रंथालयातील जुन्या लघुप्रबंधांची शीर्षके आणि अनुक्रमणिका युनिकोडमध्ये टंकून घेण्याचे काम आपण हाती घेतलेत. हे काम कोणत्याही अहवालात उठून दिसत नाही. मात्र माझ्या दुसऱ्या प्रकरणाची निम्मी सामग्री त्या यादीतूनच सापडली.

शासकीय संस्थांना संशोधन नियतकालिके एकत्रित वर्गणीतून ऑनलाइन पुरवणाऱ्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशक आणि सुमारे 13,000 नियतकालिके, एवढा तिचा आवाका आहे. शासकीय संस्थांतील संशोधकांसाठी ही मोठी सोय आहे आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. पण सोलापूरच्या विणकरांनी स्वतःविषयी जे लिहून ठेवले, ते या 30 प्रकाशकांपैकी कोणाकडे असण्याची शक्यता नाही. 1884 चा सोलापूर जिल्ह्याचा गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, आज पडद्यावर वाचता येतो, पण त्यातले सोलापूर हे इंग्रज प्रशासनाला दिसलेले सोलापूर आहे. समाजाच्या स्मरणिका, विणकर सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, मजुरीच्या वह्या हे सगळे लोकांच्या घरी, पत्र्याच्या पेट्यांत पडून आहे. आपण ते घरमालकांच्या संमतीने मागवून घेतलेत, स्कॅन केलेत, प्रत्येक कागद कोणाचा आणि कोठून आला याची नोंद ठेवलीत आणि मूळ कागद जसेच्या तसे परत केलेत. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे कोणता मजकूर सर्वांसाठी खुला करता येईल आणि कोणता केवळ ग्रंथालयात बसून पाहता येईल, हेही आपण बारकाईने ठरवलेत. इंटरनेट आल्यावर महाविद्यालयाला ग्रंथपालाची काय गरज, असे विचारणाऱ्यांनी हा संग्रह एकदा येऊन पाहावा, अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

आणखी एका गोष्टीसाठी आपले आभार मानायलाच हवेत. पैसे भरा, आठवड्यात लेख छापून देतो, असे संदेश संशोधक विद्यार्थ्यांना सतत येतात. यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये केअर ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केल्याचे जाहीर केल्यावर नियतकालिकाची पारख करण्याचा भार संस्थांवर आणि संशोधकांवरच आला. आपण आम्हांला एकेका नियतकालिकाचे संपादक मंडळ खरे आहे का, आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांक जुळतो का, लेखाचे परीक्षण कोण आणि कसे करते, हे सोबत बसून तपासायला लावलेत. पदोन्नतीची किंवा मुदतीची घाई असलेल्या माणसाला थांबवणे सोपे नसते. आपण ते न रागावता, पण ठामपणे केलेत.

माझा प्रबंध पूर्णपणे युनिकोडमध्ये आहे. विणकर आजी-आजोबांच्या मराठी व तेलुगू मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, त्यांच्या लेखी संमतिपत्रांसह, मी आपल्या संग्रहासाठी देत आहे. ज्यांनी नाव उघड करू नये असे सांगितले, त्यांच्या फाइली वेगळ्या ठेवल्या आहेत. तेलुगू भाग ऐकून लिहून काढण्याचे काम अद्याप अपुरे आहे. ते पूर्ण करण्यासाठी दर शनिवारी मी ग्रंथालयात येईन.

आपली कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थिनी