व्हॅश्टीबाई, गाणं सोडल्याबद्दलही आभार

इंग्लिश गायिका व्हॅश्टी बन्यनबाईंना साताऱ्याहून सप्रेम नमस्कार.

तुम्हांला मराठी येत नाही हे ठाऊक आहे. तरी हे पत्र जाहीरपणे लिहितेय, कारण ज्या बायकांच्या कानावर तुमचं नाव जावं असं मला वाटतं, त्या मराठीच वाचतात.

तुमची गाणी मला लीड्सला शिकणाऱ्या भाच्याने पाठवली. ‘मावशी, ही बाई तुझ्यासारखी गाते,’ एवढंच लिहून. मी पोळ्या लाटत होते. फोन पिठाच्या डब्याला टेकवून गाणं लावलं, तर कुकरच्या शिट्टीत तुम्ही पार बुडून गेलात. शेवटी गॅस बंद केला, पंखा बंद केला, मग कुठे ऐकू आलात. ना हरकत, ना मुरकी, ना टाळी वसूल करणारी एखादी जागा. शेजारच्या खोलीत कुणी स्वतःशीच गुणगुणतंय आणि दार लोटायचं राहून गेलंय, असा तो आवाज.

माझाही आवाज पातळ. कॉलेजात असताना एका स्पर्धेत परीक्षकांनी भर सभागृहात सांगितलं होतं, की माईक नसेल तर ही मुलगी पहिल्या रांगेलाही ऐकू जायची नाही. लोक हसले. पुढे लग्न झालं, नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण, आणि पेटी माळ्यावर गेली. कुणी विचारलं तर ‘संसारात गाणं सुटलं’ हे उत्तर तयार असतंच. आपल्याकडे या उत्तराला कुणी उलटा प्रश्न विचारत नाही, फार सोयीचं आहे ते.

आता तुमचीच गोष्ट तुम्हांला सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. 1945 साली न्यूकॅसलला जन्म. ऑक्सफर्डच्या रस्किन कलाशाळेतून काढून टाकलं, कारण चित्रं सोडून बाई गाणी लिहीत बसायच्या. न्यूयॉर्कला बॉब डिलन ऐकला आणि ठरवलं, आपण हेच करायचं. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा मॅनेजर अँड्र्यू ओल्डम याने त्याच बँडमधल्या जॅगर आणि रिचर्ड्स यांनी लिहिलेलं गाणं तुमच्याकडून गाऊन घेतलं. इतकं मोठं पाठबळ, तरी ते चाललं नाही. तुम्हांला लोकगायिका म्हणतात ते तुम्हांला मुळीच पटत नाही, व्हायचं होतं पॉप गायिका, हे वाचून मला हसू आलं. आमच्याकडेही कुणी बाई साधं, हळू गायली की लगेच तिला ‘मातीतला आवाज’ ठरवून मोकळे होतात.

मग 1968 साली तुम्ही आणि तुमचा जोडीदार घोडागाडी घेऊन निघालात. बेस नावाची घोडी, बरोबर कुत्रा, जायचं कुठे तर लंडनपासून थेट स्कॉटलंडच्या वायव्येला, हेब्रिडीज बेटांकडे. गायक डोनोवन तिथे कलावंतांची वसाहत वसवणार होता. घोडीच्या चालीने जायचं म्हणजे वर्ष उलटणारच. पोचलात तेव्हा ती मंडळी पांगली होती. पण वाटेत गाणी जमत गेली होती. 1969 च्या अखेरीस निर्माता जो बॉयडने ती लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली आणि 1970 मध्ये ‘जस्ट अनदर डायमंड डे’ ही तबकडी निघाली. विकली गेली अगदी थोडी.

इथून पुढची तीस वर्षं, मुलं आणि जनावरं. तुमच्यावर लिहिणारे ही वर्षं दोन ओळींत उरकतात आणि घाईघाईने 2000 सालाकडे येतात. तबकडी पुन्हा निघाली, तरुण गायकांनी तुम्हांला डोक्यावर घेतलं, देवेंद्र बॅनहार्टने तर पत्र लिहून सल्ला मागितला, आणि 2005 मध्ये ‘लुकआफ्टरिंग’ आला. पस्तीस वर्षांनी दुसरा अल्बम! बातमी म्हणून छानच आहे. पण मला धरून ठेवलं ते मधल्या वर्षांनी.

कारण मुलांमुळे गाणं राहिलं, असं तुम्ही म्हणत नाही. तबकडी पडली, मन दुखावलं, आपल्या आवाजाचाच राग आला, म्हणून सोडलं, असं तुम्ही सरळ सांगता. मुलांनासुद्धा गाऊन दाखवलं नाहीत. हे वाचून मी तुमच्या आत्मकथनाचं पुस्तक मिटवून ठेवलं आणि बराच वेळ काही केलं नाही. माझ्या मुलीला मी अंगाईऐवजी गोष्टी सांगायची, आणि त्याचं कारण संसार नव्हता. दुखावल्यामुळे गाणं सोडलं, हे एखादी बाई मोठ्याने म्हणू शकते आणि तरी तिचं हसं होत नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. त्याचे आभार मानायचे होते. परत आल्याबद्दल तुमचे आभार पुष्कळांनी मानलेत.

आणखी एक उपकार आहे. परत आल्यावरही तुम्ही आवाज चढवला नाहीत. ‘हार्टलीप’ हा 2014 चा अल्बम बराचसा घरीच, स्वतः ध्वनिमुद्रित केलात. स्वतःच निर्मिती करायची म्हणजे कुणी ‘जरा खुलून गा’ म्हणणारच नाही! ही युक्ती मी उचलली. आमच्या भजनी मंडळात टाळ-पखवाजापुढे माझं काय चालणार? तिथे मी कोरसात असते आणि मजेत असते. पण दुपारी घर रिकामं असलं की पेटी काढते, फोन उशीवर ठेवते आणि रेकॉर्ड करते. मैत्रिणींच्या ओव्या, माझ्या दोन-चार चाली. माईक तोंडाजवळ असल्यावर पहिली रांग कुठे आहे याची काळजी कोण करतो? भाच्याला पाठवलं तर म्हणाला, मागे कबुतरं घुमताहेत. घुमू देत.

‘हार्टलीप’ शेवटचा, असं तुम्ही सांगून टाकलंत, तेव्हा नव्या अल्बमचा हट्ट धरत नाही. मात्र 2022 मधलं तुमचं ‘वेवर्ड’ हे आत्मकथन मी डिक्शनरी जवळ घेऊन वाचलंय आणि मैत्रिणींना वाचून दाखवतेय. घोडागाडीचा प्रवास सगळ्यांना तोंडपाठ झालाय. दुसरं पुस्तक लिहिणार असाल तर त्या तीस वर्षांवर सावकाश, जाडजूड लिहा. गुरं, शेणगोठा, शाळेचे डबे, सगळं येऊ द्या. आम्हांला त्यातलं बरंच कळेल.

तुमची,
साताऱ्याची एक पातळ आवाजाची बाई