प्रोजेक्टर घ्यायच्या आधी ती खोली एकदा अंधारात बघ

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

त्या खोलीत घरच्या घरी थिएटर करायचंय हा तुझा काल रात्रीचा मेसेज वाचला, त्या प्रोजेक्टरचा फोटो पण बघितला, आणि खोलीची मापं न मागता पाठवलीस ते फार बरं केलंस. १३ बाय १० फूट, एक खिडकी, एक दार, एका बाजूला भिंतीतलं कपाट. फोनच करणार होतो पण आकडे फोनवर लक्षात राहत नाहीत म्हणून लिहून पाठवतोय, सावकाश वाच, एका बैठकीत नाही झालं तरी चालेल. आधी एकच सांगतो, तो प्रोजेक्टर एवढ्यात घेऊ नकोस. वस्तू वाईट आहे म्हणून नाही गं, पण त्याच्यावर सगळं बजेट गेलं की खोलीसाठी काही उरणार नाही, आणि पिक्चर बघताना जी मजा येते ना ती निम्म्याहून जास्त खोलीमुळे येते हे मी आपल्या घरी दोन वर्षं हळूहळू एकेक गोष्ट करताना स्वतः अनुभवलंय.

आता एक काम कर. येत्या सुट्टीला भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, त्या खोलीत जा, पडदे ओढून घे, दार लाव, दिवा बंद कर आणि खाली जमिनीवर १० मिनिटं नुसती बसून राहा, फोन बाहेर ठेवून. पहिली एक-दोन मिनिटं वाटेल की झाला की अंधार, अजून काय पाहिजे. मग डोळे सरावतात आणि एकेक फट दिसायला लागते. दाराखालची पांढरी रेघ, पडद्याचा रॉड आणि भिंत यांच्या मधून वर छतावर पडलेला उजेडाचा पट्टा, पडद्याच्या दोन्ही कडा. आमच्या खोलीत तर दाराच्या बिजागरीच्या बाजूने एवढा उजेड येत होता की आई म्हणाली, इथे बसून मी भाजी निवडू शकते. हातात खडू ठेव आणि जिथे जिथे उजेड दिसेल तिथे खूण कर. दाराला खालून रबराची पट्टी, चौकटीला फोमची चिकटपट्टी, खिडकीला दुहेरी जाड पडदा आणि तो खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी चांगला वीतभर जास्त रुंद, एवढ्यात बहुतेक काम होतं. आणि गंमत म्हणजे दाराच्या ज्या फटीतून उजेड येतो त्याच फटीतून आवाज बाहेर जातो, म्हणजे एका पट्टीत दोन कामं.

हे एवढं का करायचं, तर प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. स्क्रीनवरचा काळा म्हणजे त्या खोलीत जेवढा अंधार असेल तेवढाच काळा, दिवा लागलेला असला की तो राखाडी दिसणार, मशीन कितीही भारी असू दे. आणि फटी बुजवल्या तरी दुसरा उजेड असतो, तो स्क्रीनवरूनच येतो, पांढऱ्या छतावर आणि बाजूच्या भिंतींवर आपटून परत स्क्रीनवर पडतो. म्हणून स्क्रीनच्या जवळचं छत आणि दोन्ही बाजूच्या भिंती, निदान पहिले तीन-चार फूट, गडद रंगाच्या करून घे. काळाच पाहिजे असं नाही, गडद राखाडी, गडद निळा, तुला जो आवडेल तो, फक्त मॅट घे, चकचकीत अजिबात नको. एका रंगाच्या डब्याने जो फरक पडतो तो पुढचं महागडं मॉडेल घेऊनही पडत नाही, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

आता स्क्रीनचा आकार. तू १२० इंचाचं लिहिलंयस. १२० इंच हा कर्ण असतो, १६:९ मध्ये, म्हणजे रुंदी १६ तर उंची ९ अशा नेहमीच्या आकारात, त्याची रुंदी होते साधारण ८.७ फूट. तुझी भिंत १० फुटांची. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम ८ इंच उरणार, तिथे स्पीकर ठेवणार कुठे? शिवाय साध्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो १.५ च्या आसपास असतो, म्हणजे स्क्रीन जेवढी रुंद त्याच्या दीडपट लांब प्रोजेक्टर ठेवावा लागतो, ८.७ ची दीडपट १३ फूट, आणि तुझी अख्खी खोलीच १३ फूट. प्रोजेक्टर भिंतीच्या बाहेर लटकवावा लागेल! दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही म्हणून लिहितोय, तू घेतेस त्याचा थ्रो रेशो आधी बघ.

बसायची जागा स्क्रीनपासून ९ फुटांवर धर. तिथून स्क्रीन डोळ्यांपुढे ३० ते ४० अंशांचा कोन व्यापेल एवढी असावी असं साधारण मानतात, ३० च्या खाली गेलं की टीव्ही बघितल्यासारखं वाटतं आणि ४० च्या फार वर गेलं की मान फिरवावी लागते. ९ फुटांवर त्याचा हिशेब येतो ६६ ते ९० इंच. म्हणजे तुझ्या खोलीला ९० इंच अगदी भरपूर झाली. अजून एक ऐक, थिएटरमध्ये स्क्रीनची चमक ४८ निट्स (निट हे चमक मोजायचं एकक) धरलेली असते, आणि ९० इंचाच्या साध्या पांढऱ्या स्क्रीनवर तेवढी चमक आणायला पूर्ण अंधारात सुमारे साडेतीनशे ल्युमेन्स पुरतात, ल्युमेन्स म्हणजे प्रोजेक्टर जेवढा उजेड टाकतो त्याचं माप. दिवा जुना होतो, सिनेमा मोडमध्ये उजेड कमी होतो, ते सगळं धरून खरे ८०० ते १००० एएनएसआय, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले, ल्युमेन्स असले तरी तुझं छान भागेल. खोक्यावर हजारोंचे आकडे छापलेले असतात ते बरेचदा नुसते ल्युमेन्स म्हणून असतात, एएनएसआय लिहिलंय का ते बघूनच घे. आणि तुझ्या खिडकीचा काही बंदोबस्त झालाच नाही, किंवा तुम्ही दुपारीच जास्त बघणार असाल, तर सरळ ६५ इंचाचा टीव्ही घे आणि निर्धास्त हो, त्यात कमीपणा काही नाही.

कीस्टोनच्या, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र मशीनमधूनच चौकोनी करायच्या सोयीच्या, भरवशावर प्रोजेक्टर वाकडातिकडा टांगू नकोस. चित्र सरळ दिसतं पण ते कापून-दाबून सरळ केलेलं असतं, बारकावे जातात. डाव्या-उजव्या बाजूने बघता लेन्स स्क्रीनच्या बरोबर मध्यावर येईल असा लाव.

खरं म्हणजे मला आवाजाबद्दलच जास्त लिहायचं होतं. तुला आठवत असेल, आई पिक्चर बघताना रिमोट हातातून सोडायची नाही. बोलणं कळत नाही म्हणून आवाज वाढवायचा, मग मारामारी सुरू झाली की दचकून कमी करायचा, पुन्हा बोलणं आलं की वाढवायचा. मला वाटलं तिचे कान कमी झाले असतील, मनात भीतीच बसली होती, तपासून पण आलो, कान ठणठणीत. दोष खोलीचा होता. मधला स्पीकर, ज्यातून बहुतेक संवाद येतात, तो मी टीव्हीखालच्या कपाटात आत सरकवून ठेवला होता, त्याचं तोंड आमच्या गुडघ्यांकडे, आणि खाली फरशी उघडी. मी तो फळीच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढला, पुढून खाली दोन रबरी पाचर लावून तोंड थोडं वर केलं, कानाच्या दिशेने, आणि समोर जमिनीवर जाड गालिचा टाकला. आई नेहमीच्या जागी बसली, तोच सीन पुन्हा लावला, आणि थोड्या वेळाने तिने रिमोट बाजूला ठेवला. म्हणाली, आता त्यांच्या तोंडातून आवाज येतोय. मला एवढा आनंद क्वचित झालाय. म्हणून सांगतो, बजेट कमी असेल तर मागचे स्पीकर नंतर घे, सबवूफर, म्हणजे फक्त खालचे घुमणारे सूर वाजवणारा स्पीकर, तो पण नंतर घे, पण समोरचे तीन चांगले घे, त्यातला मधला सगळ्यात चांगला.

डावा-उजवा स्पीकर तुझ्या बसायच्या जागेपासून मध्यरेषेच्या प्रत्येकी २५-३० अंश बाजूला येतील असे ठेव, उंची बसल्यावर कान येतो तेवढी. मागचे घेशील तेव्हा ते अगदी पाठीमागे नको, बाजूला पण जरासे मागे, ११० अंशांच्या जवळपास. वायर जोडताना लाल-काळं उलटं झालं नाही ना ते दोनदा बघ, एक जरी उलटं जोडलं तरी स्पीकर खराब होत नाही पण बेस, म्हणजे तो खालचा घुमणारा आवाज, गायब होतो आणि आवाज मधे नीट बसत नाही, आणि माणूस शोधत राहतो की बिघडलंय काय.

सोफा मागच्या भिंतीला चिकटवू नकोस, तिथे बेस नुसता घुमतो. बरोबर खोलीच्या मध्यावर पण नको, १३ फुटांच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा बेस मध्यभागी जवळजवळ ऐकूच येत नाही, लाट तिथे स्वतःलाच पुसून टाकते. ९ फूट म्हटलं त्याचं हे पण एक कारण आहे, डोक्यामागे चार फूट मोकळे राहतात. सबवूफर आणशील तेव्हा तो आधी सोफ्यावर, तुझ्या बसायच्या जागी ठेव, भरपूर बेस असलेलं एखादं गाणं रिपीटवर लाव आणि तू भिंतीच्या कडेकडेने रांगत फिर. एका ठिकाणी घुमेल, एका ठिकाणी नाहीसा होईल, आणि एखाद्या कोपऱ्याजवळ एकदम स्वच्छ, सगळे सूर सारखे ऐकू येतील. तिथे सब ठेव. आम्ही केलं तेव्हा ती जागा दाराजवळ निघाली, जिथे मी कधीच ठेवला नसता.

भिंतींसाठी अंड्यांचे ट्रे लावायचा विचार कोणीतरी सुचवेल, अजिबात लावू नकोस, त्याने जवळपास काही होत नाही आणि कागद पेट घेतो तो वेगळा. पातळ फोमचं पण तेच, तो फक्त वरच्या पट्टीतला आवाज खातो आणि खोली मुकी वाटायला लागते. त्यापेक्षा रॉकवूलच्या, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंच्या, स्लॅब आण, निदान ३-४ इंच जाड, लाकडी चौकटीत बसव आणि वरून हवा जाईल असं सुती कापड ताणून लाव. हातमोजे आणि मास्क घालून काम कर, त्याचे कण खाजतात. लावायचे कुठे हे कळायला तू सोफ्यावर बस आणि दुसऱ्याला बाजूच्या भिंतीला टेकवून आरसा हळूहळू सरकवायला सांग, ज्या जागी तुला आरशात स्पीकर दिसेल तिथे पॅनल. आईने आरसा धरला होता, मी बसल्या जागेवरून थांब-थांब करत होतो, अर्ध्या तासात चार खुणा झाल्या. भिंतीशी भरलेलं पुस्तकांचं कपाट असेल तर ते काढू नकोस, त्याचा उपयोगच होतो.

एक मात्र समजून घे, या पॅनलने खोलीतला आवाज सुधारतो, शेजाऱ्यांकडे जायचा थांबत नाही. तो थांबवायला वजन लागतं, जड दार, बुजवलेल्या फटी. आणि बेस तरीही जाणारच, तो जमिनीतून चालतो. तुमच्या खाली लहान बाळ आहे ना, तेव्हा रात्री सब बंद ठेव.

केबल रंगकामाच्या आधी टाकून घे. मी उलटं केलं. सगळं झाल्यावर १० मीटरची साधी एचडीएमआय केबल, चित्र-आवाज नेणारी, आणली, विकणारा म्हणाला बिनधास्त चालेल, आणि फोर-के, म्हणजे जास्त बारकाव्यांचं चित्र, लावलं की दर पाच मिनिटांनी स्क्रीन काळी. तेवढ्या लांबीला साधी तांब्याची केबल भरवशाची नसते, ऑप्टिकल, म्हणजे उजेडावर चालणारी, घ्यावी लागते, आणि ती एका दिशेनेच चालते, कुठलं टोक टीव्हीचं ते त्यावर लिहिलेलं असतं, भिंतीत घालायच्या आधी वाच. मला नवी भिंत परत फोडावी लागली. पाइप टाकून त्यातून ने म्हणजे उद्या बदलायची वेळ आली तर ओढून काढता येईल.

आणि दार घट्ट झालं की खोली तापते. बसलेला प्रत्येक माणूस जवळपास १०० वॉटच्या दिव्याएवढी उष्णता सोडतो, वर प्रोजेक्टरची वेगळी. त्याच्या जाळीपुढे वीतभर जागा मोकळी ठेव आणि इंटर्व्हलला दार उघडत जा.

रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारं मशीन, जुना घेतलास तर त्यात कुठल्या आवृत्तीचं एचडीएमआय आहे ते बघून घे, तीच गोष्ट पटकन मागे पडते. स्पीकर मात्र जुने बिनधास्त घे, चांगला स्पीकर वर्षानुवर्षं टिकतो. फक्त कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या मधल्या हलणाऱ्या पडद्याच्या, भोवतीची कड बोटाने हळूच दाबून बघ, फोमची असेल आणि भुगा सुटला तर ठेव तिथेच, रबराची असेल तर बहुतेक ठीक असते.

माझे ते जुने दोन बुकशेल्फ स्पीकर मी काल माळ्यावरून काढले. कड रबराची आहे, कुठे चीर नाही, दोन तास वाजवून बघितले, आई पण बसली होती. डाव्याच्या जाळीला तू लहानपणी पेन्सिल घातली होतीस ते भोक तसंच आहे. कापडात गुंडाळून खोक्यात ठेवलेत, पुढच्या महिन्यात येताना घेऊन येतो, म्हणजे तुला फक्त मधला घ्यायचाय. तोवर तो अंधाराचा प्रयोग कर आणि खडूच्या खुणा किती झाल्या ते कळव, त्या मोजून मी पट्टी तेवढ्या लांबीची आणतो.

तुझा,
बाबा