जिला घरी सांगावंच लागत नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "झालं का ते पुस्तक वाचून? कसं वाटलं?" मी "बरं आहे" म्हणून विषय बदलला. खरं उत्तर लांबलचक होतं, म्हणून लिहितेय.

पुस्तक म्हणजे मलिंडा लो यांची 'ॲश', २००९ सालची. सिंड्रेलाचीच गोष्ट, किशोरवयीन वाचकांसाठी नव्यानं सांगितलेली. सावत्र आई आहे, दोन सावत्र बहिणी आहेत, राजपुत्रही आहे. पण ॲशचा जीव जडतो तो कैसावर, राजाच्या शिकारीचं नेतृत्व करणाऱ्या बाईवर. आणि त्या राज्यात याचं कुणालाच काही वाटत नाही! कुणी कुजबुजत नाही, कुणी तिला समजवायला येत नाही. कैसा तिला शिकार शिकवते, दोघी रानात हिंडतात आणि प्रेम इतकं हळूहळू येतं की नेमकं कधी आलं ते मला मागची पानं उलटून शोधावं लागलं. ती पानं मी दोनदा वाचली.

लेखिकेच्या पहिल्या खर्ड्यात म्हणे ॲश राजपुत्राच्याच प्रेमात पडत होती. तो वाचून मैत्रिणीनं सांगितलं की तिचं खरं सूत तर दुसऱ्या एका बाईशी जुळतंय. हे कळलं तेव्हा मला भरून आलं. आई, लहानपणी तू गोष्ट सांगून दिवा मालवलास की मी अंधारात राजपुत्राला दूरच्या लढाईवर पाठवून द्यायचे. का, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

पण पुस्तक मिटलं तेव्हा मी नाराजही होते. परीलोकातल्या एका पुरुषाकडून ॲश मदत घेते आणि त्याची किंमत म्हणून स्वतःलाच देऊन बसते. त्या किमतीची भीती पुस्तकभर डोक्यावर टांगलेली असते, आणि शेवटी ते ऋण एका रात्रीत फिटतं. मला ते पटलं नाही. इतकी वाट बघायला लावल्यावर लेखिकेनं तिथे जरा रेंगाळायला हवं होतं.

दुसरी गोष्ट जास्त लागली. गोष्ट सुरू होते तेव्हा ॲशची आई नुकतीच गेलेली असते. वडील दुसरं लग्न करतात आणि थोड्याच दिवसांत तेही जातात. म्हणजे कैसाबद्दल घरी सांगायचा प्रश्नच येत नाही. परीकथेत आई-बाप असेच मरतात, मला ठाऊक आहे. तरी मला त्या मुलीचा आधी हेवा वाटला आणि मग फार वाईट वाटलं.

मी सांगितलं त्या रात्री बाबा, तुम्ही चष्मा काढून पुसलात, घातलात, परत काढून पुसलात. आई, तू रडलीस ते मी ताईला आधी सांगितलं म्हणून. त्यानंतरचे आठ महिने आपण फक्त तब्येतीबद्दल बोललो. ते महिने मला आजही नको वाटतात. आणि मग एक दिवस बाबा, तुम्हीच विचारलंत, "तिला सुट्टी कधी असते?"

या पुस्तकात तसा प्रश्न विचारायला कुणीच उरलेलं नाही. कुणाला काही खटकत नाही असं जग सोळाव्या वर्षी मला वाचायला मिळायला हवं होतं, अगदी हवं होतं. पण आज मला त्यात एक म्हातारा बाप हवा होता, चष्मा पुसणारा.

पुस्तक पाठवतेय. सुरुवातीला आईच्या थडग्यापाशी बसलेली ॲश आहे, ती पानं आई, तू सावकाश वाच, एका बैठकीत नको. दुसरा भाग शिकारिणीच्या नावानं सुरू होतो. तिथवर पोचलात की फोन करा. आम्ही दोघी रविवारी घरीच आहोत.

तुमची,
धाकटी