पिपा येतोय

ता. चामोर्शी, जि. गडचिरोली
४ नोव्हेंबर २०२३

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेलं पुस्तक, बलराम मेहतांचं १९७१ च्या युद्धावरचं ‘द बर्निंग चॅफीज’, काल रात्री संपवलं. मृगाच्या सुमारास तुझं पार्सल आलं होतं, आणि आता हलका धान कापून बांध्यांत कडपा पडल्या आहेत. इतके महिने लागले, कारण माझं इंग्रजी तुला माहीत आहे. डिक्शनरी मांडीवर घेऊन रोज रात्री तीन पानं, रोवणीच्या दिवसांत तेवढीही नाहीत. पण हळू वाचल्यामुळे ती माणसं घरातली झाली. मेजर नारंग गेले ते पान मी दोनदा वाचलं आणि दिवा मालवून तसाच पडून राहिलो. आमच्या हिने विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "एक मेजर. बावन्न वर्षं झाली."

आता त्यावरचा सिनेमा येतोय, ‘पिपा’. धनत्रयोदशीला, १० तारखेला. थेटरात येणार येणार म्हणत होते, शेवटी प्राइमवरच येतोय. ट्रेलर मी परवा पाहिला. आपल्या गावात रेंज कुठे येते ते तुला ठाऊक आहे, तलावाच्या पाळीवरच्या मोठ्या मोहाखाली. तिथे उभं राहून तीनदा पाहिला. ईशान खट्टर कॅप्टन बलराम मेहतांचं काम करतोय, बहिणीच्या भूमिकेत आपल्या धुळ्याची मृणाल ठाकूर आहे, संगीत रहमानचं. दिग्दर्शक राजा कृष्ण मेनन, ‘एअरलिफ्ट’वाले. हे सगळं तुला तिकडे पुण्यात माझ्याआधीच कळलं असेल. मला वेगळंच बोलायचं आहे.

त्या रणगाड्याचं नाव ऐकूनच मी वेडा झालो. रशियन बनावटीचा पीटी-७६, वजन जेमतेम चौदा टन, पाण्यात पडला की बुडत नाही, तरंगत पुढे जातो. म्हणून आपल्या जवानांनी त्याचं नाव ठेवलं पिपा. तुपाचा रिकामा पिपा! मित्रा, आपण दोघं बोडीत पोहायला शिकलो ते कशाच्या आधाराने? गोडेतेलाच्या रिकाम्या पिप्याला सुंभ बांधून, तो पोटाखाली घेऊन. त्याचं झाकण नीट बसलं नाही की डुबुक डुबुक आवाज करत पाणी आत शिरायचं आणि आपली पाचावर धारण बसायची. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मेहता लिहितात त्या रणगाड्याबद्दल आणि माझ्या कानात मात्र आपला पिपा वाजतो. पोलादाच्या पिप्यात तीन माणसं बसायची. त्यातला कमांडरच तोफही चालवायचा, म्हणजे शत्रू शोधायचा त्यानेच, नेम धरायचा त्यानेच आणि बाकीच्या रणगाड्यांना वायरलेसवर हुकूम द्यायचा तोही त्यानेच. आणि अंगावरचं चिलखत इतकं पातळ, की कडेने मोठ्या मशीनगनची गोळीही आरपार जावी. तरंगायचं तर जड होऊन कसं चालेल?

पण हलकं असण्याचा खरा उपयोग मला वाटतं तुझ्या त्या पुण्यातल्या मित्रांना कळणार नाही, धानवाल्याला कळेल. तिकडची, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातली, आजच्या बांगलादेशातली जमीन म्हणजे आपल्यासारख्याच बांध्या, तळी, नाले आणि चिखल. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टर रुतला की काय होतं ते आपण बघितलंय. लोखंडी केजव्हील लावूनही तो पोटावर बसतो, मग चार बैलजोड्या आणा नाहीतर दुसरा ट्रॅक्टर. त्या जमिनीवर रणगाडे न्यायचे होते. हे सिनेमावाल्यांनी नीट दाखवलं तर माझे निम्मे पैसे वसूल. चेन चिखलात फिरते, इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही आणि आतल्या माणसाला कळतं की आता बसलो इथेच. ही भीती तोफेच्या आवाजापेक्षा मोठी असते.

लढाई तर तुला पाठ आहे. तरी लिहितो, मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. २० नोव्हेंबर १९७१ च्या रात्री १४ पंजाब बटालियन आणि ४५ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचं सी स्क्वाड्रन, चौदा पिपे, सीमेवरच्या बोयराकडून आत सरकून पलीकडच्या गरीबपूरला जाऊन बसले. पहाटे दाट धुवारी. समोरून पाकिस्तानचे चॅफी रणगाडे आले, मागे त्यांचं पायदळ. डोळ्यांना दिसत काही नाही, नुसती इंजिनं ऐकू येतात. ऐन लढाईत स्क्वाड्रन कमांडर मेजर दलजितसिंग नारंग पडले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. तिथून कमान हाती घेतली या कॅप्टन मेहतांनी. ऊन वर येईपर्यंत शत्रूचे बहुतेक रणगाडे जळत होते, आणि त्या जळत्या चॅफींवरूनच पुस्तकाचं नाव पडलं. दुसऱ्या दिवशी बोयराच्या आभाळात आपल्या नॅट विमानांनी पाकिस्तानची सेबर विमानं पाडली. आणि हे सगळं युद्ध जाहीर होण्याच्या आधी! ३ डिसेंबर उजाडायला अजून अकरा-बारा दिवस होते. शाळेच्या पुस्तकात १६ डिसेंबर, ढाका, ९३ हजार युद्धकैदी एवढं आपण घोकलं. गरीबपूर कुठेच नव्हतं.

मला सिनेमात त्या धुक्यातली शांतता हवी आहे. पाच मिनिटं तरी नुसतं धुकं आणि आवाज. पार्श्वसंगीत नको, घोषणा नको. तुला आठवतं, आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांत लढाई आली की एवढी आरडाओरड व्हायची की पेटी आणि तबला दोन्ही ऐकू यायचे नाहीत, आणि तरी आपण पहाटे चारपर्यंत धानाच्या पुंजण्याला टेकून जागायचो. झाडीपट्टीत ते शोभतं, कारण सगळं समोर घडतं, घाम दिसतो. सिनेमात तसं केलं तर खोटं वाटतं. पुस्तकात मेहता कुठेही ओरडत नाहीत. आपल्या वरिष्ठाची जागा घ्यावी लागलेला एक तरुण माणूस साध्या भाषेत सांगतो की त्या सकाळी काय काय झालं. त्यांची भावंडंही सिनेमात आहेत, भाऊ सैन्यात आणि बहीणही युद्धाच्या कामात. घरातली माया दाखवा, जरूर दाखवा. पण धुक्यातली ती सकाळ कापून तिथे गाणं घालू नका, एवढीच माझी हात जोडून विनंती.

आता खरी गोष्ट. आपल्या शिवाराच्या पलीकडचं बंगाली गाव तुला आठवतंच. चामोर्शी-मुलचेराच्या पट्ट्यात त्या लोकांना सरकारने आणून बसवलं तेव्हा आपला गडचिरोली जिल्हाही नव्हता, सगळं चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात होतं. तिथल्या मासीकडे मी मासळीसाठी जातो. पुस्तक वाचायला लागलो तेव्हा सहज विचारलं, मासी, तुमचं गाव जेसोरकडचं ना? ती धान उन्हात घालत होती. पायाने रेघा ओढत धान फिरवायची तिची पद्धत तू बघितली आहेस. फिरवतच म्हणाली, "हां." मी म्हटलं, या पुस्तकात एक नदी आहे, कबदक. तिचा पाय थांबला. "कोपोताक्खो," ती म्हणाली. मग खाली बसली आणि पुन्हा म्हणाली, "कोपोताक्खो." माझ्या पुस्तकात छापलेलं नाव तिच्या तोंडून असं आलं, की मला वाटलं आतापर्यंत मी ते चुकीचंच वाचत होतो.

पूर्व पाकिस्तानातल्या १९६४ च्या दंगलीनंतर बारा वर्षांची असताना ती आईबापांसोबत निघाली. दोन वर्षं रायपूरजवळच्या निर्वासितांच्या माना कॅम्पात, मग इकडे. चुलता मात्र तिकडेच राहिला, जमीन सोडवेना म्हणून. १९७१ मध्ये त्यालाही पळावं लागलं. बनगावच्या छावणीत पोहोचला आणि तिथेच हगवणीने गेला. तिला ते वर्षभराने पत्रातून कळलं. बनगाव आणि बोयरा एकाच पट्ट्यात आहेत, मित्रा. सीमेच्या या बाजूला एक कोटी माणसं येऊन पडली होती. छावण्यांत कॉलरा पसरला, सलाइन संपलं. तेव्हा बनगावलाच डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात घालून ते पाजायला लावलं. शंभरातले तीस दगावत होते तिथे मरण तीन-चारांवर आलं. आज आपल्या आशाताई घरोघरी ओआरएसची पुडी देतात, तिची खरी परीक्षा त्या छावणीत झाली. हा माणूस मागच्या वर्षी गेला. या सिनेमात तो नसेल, ती गोष्ट वेगळ्या सिनेमाची आहे. पण रणगाडे पलीकडे का गेले हे सांगायचं तर छावणी दाखवावीच लागेल. ट्रेलरमध्ये निर्वासितांच्या रांगा दिसतात. त्या दोन मिनिटांत उरकू नयेत असं मला फार वाटतं.

आपण तेव्हा तिसरीत होतो. मास्तरांच्या ट्रान्झिस्टरभोवती सगळं गाव जमायचं, आपल्याला पुढे जागा मिळायची नाही म्हणून आपण खिडकीच्या गजांना लोंबकळायचो. आणि एक आठवतं का? पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, निर्वासितांसाठी. त्या तिकिटावर घरदार सोडून निघालेली माणसं होती. तुझे वडील पोस्टातून आले की म्हणायचे, सरकारने पत्र महाग केलं. आणि तुझी आई म्हणायची, पाच पैशांत कुणाच्या पोटात घास जात असेल तर जाऊ दे. ती माणसं कोण, हे आपल्याला कळत नव्हतं. ती तर शिवाराच्या पलीकडेच राहत होती, आपल्याला मासळी विकत होती.

म्हणून मी असं ठरवलंय. धनत्रयोदशीला नाही, त्या दिवशी कुणालाच वेळ नाही. रविवारी आपलं लक्ष्मीपूजन, त्याच रात्री त्यांची कालीपूजा. भाऊबीज बुधवारी. गुरुवारी रात्री आमच्या अंगणात लावायचा. नाट्यमंडळाचा पांढरा पडदा मिळतोय, नाटकांचा हंगाम सुरू व्हायच्या आत परत द्यायचा आहे. प्रोजेक्टर आष्टीहून भाड्याने आणतो. अडचण नेटची आहे. इथे लावला तर अडकत अडकत चालेल आणि धुक्यातली ती सकाळ गोल फिरणारं चाक बघण्यात जाईल. तू पुण्यात सगळा उतरवून घे, लॅपटॉप आणि मोठी वायर घेऊन ये. बंगाली गावातली वीस-पंचवीस माणसं येतील. मासी पहिल्या चटईवर बसणार आहे, तिने ते आधीच सांगून ठेवलंय.

परवा तिला ट्रेलर दाखवायला मोबाइल घेऊन गेलो होतो. डोळ्याजवळ धरून तिने सगळा पाहिला. रणगाडा पाण्यात उतरतो तिथे तिने बोट ठेवलं आणि विचारलं, "ही कोपोताक्खो?" शूटिंग दुसरीकडेच कुठेतरी केलं असणार, हे मला कळतं. तरी मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, पाणी असं गढूळ का दिसतं, नदी तर निळी होती. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

तू बुधवारी नागपूरला उतरलास तर दुपारची एसटी मिळेल, संध्याकाळी आष्टीला मी मोटारसायकल घेऊन उभा राहतो. मासी नारळाचे लाडू ठेवणार आहे तुझ्यासाठी. वायर विसरू नकोस.

तुझा मित्र