खुले पत्र : एका बाटलीवरून ओहळाचा निकाल लावू नका

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

कादवा नदीला मिळणाऱ्या आमच्या ओहळाचं पाणी पावसाळाभर तपासू, असा शब्द आपण ग्रामसभेत दिला होता. हाती आला तो मे महिन्यात भरलेल्या एकाच बाटलीचा अहवाल. त्यात नायट्रेट (खत, मैला यांतून पाण्यात उतरणारा नायट्रोजनचा क्षार) वाढल्याचा ठपका थेट कांदा आणि द्राक्ष उत्पादकांच्या खतावर ठेवला आहे.

मे महिन्यात, साहेब? तेव्हा मुरमातला पाझर आटलेला असतो. ओहळात जे पाणी दिसतं ते पाटाच्या आवर्तनाची गळती, नाहीतर गावाचं गटार. शेतातलं नायट्रेट पावसाबरोबर खाली मुरतं आणि पावसाळ्यात व नंतरच्या पाझरातून ओहळात उतरतं. बाटली भरली तीही मोरीखालच्या साचलेल्या डबक्यातून, आणि ती बर्फाशिवाय गाडीत राहिली. उबेत काही जंतू नायट्रेट खातात, काही अमोनियाचं नायट्रेट करतात. आकडा दोन्हीकडे सरकतो. वर तो आकडा नायट्रेटचा की त्यातल्या नायट्रोजनचा, हेही लिहिलेलं नाही. दोन्हींत 4.43 पटींचा फरक आहे. पिण्याच्या पाण्याची मर्यादा नायट्रेट म्हणून लिटरला 45 मिलिग्रॅम, नायट्रोजन म्हणून साधारण 10. अशा कागदावर गावाला आरोपी करता?

माग कसा काढायचा ते लिहितो. एकाच दिवशी, उगमापासून संगमापर्यंत, प्रत्येक नाला मिळण्याच्या वर आणि खाली नमुना घ्यावा. वाहत्या मधल्या धारेतून, प्रवाहाकडे तोंड करून, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून. जागेवरच 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावं, बर्फात ठेवावं, 48 तासांत तपासावं. गढूळ पाणी न गाळता अतिनील किरणांच्या यंत्रात घातलं तर गाळ आणि कुजका पाला नायट्रेट म्हणून मोजला जातो.

प्रत्येक ठिकाणी प्रवाह मोजलाच पाहिजे. दहा मीटर सरळ पात्र, त्यात तरंगती वस्तू सोडून वेळ घ्यायचा, आलेल्या वेगाला 0.85 नं गुणायचं आणि मग रुंदी व खोलीनं. हिशेब करून पाहा : लिटरला 40 मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मर्यादेच्या आतलं पाणी, सेकंदाला 50 लिटर वाहिलं तर दिवसाला 173 किलो नायट्रेट जातं. त्यात 39 किलो नायट्रोजन, म्हणजे रोज जवळपास दोन गोण्या युरिया! हे सगळं नांदूरमधमेश्वरच्या पाणथळीकडे चाललं आहे. पहिल्या मोठ्या पावसात तर तासातासाला नमुना हवा. महिन्यातून एकदा येणाऱ्या गाडीला तो पूर कधीच भेटत नाही.

मग प्रश्न, नायट्रेट कोणाचं? क्लोराइड (मिठातला क्षार) आणि ई-कोलाय (आतड्यातले जंतू) सोबत वाढले तर संशय सांडपाण्यावर किंवा गोठ्यावर. मात्र लाल पोटॅश या खतातही क्लोराइड असतं, म्हणून कांद्याच्या पट्ट्यात एकट्या क्लोराइडवर विसंबू नये. नायट्रेटमधल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) तपासले तर रासायनिक खत आणि मैला-शेणखत बऱ्यापैकी वेगळे पडतात. मैला की शेणखत, हे मात्र त्यातूनही सुटत नाही. जमिनीतच नायट्रेटचं विघटन झालं असेल तर खताचं पाणीही शेणखतासारखं दिसतं. म्हणून सगळे पुरावे एकत्र वाचावे लागतात.

शेतकरी जादा युरिया टाकतो, हे आम्ही नाकारत नाही. कांद्याला हेक्टरी 100 किलो नत्राची, म्हणजे नायट्रोजनची, शिफारस आहे. 45 किलोच्या गोणीत 20.7 किलो नत्र, म्हणजे पाचच्या आत गोण्या, त्याही हप्त्याहप्त्यानं. पण युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना कोणी ठेवली? 2010 पासून बाकी खतांचं अनुदान अन्नद्रव्यांनुसार झालं, युरिया त्यातून बाहेर ठेवला. स्वस्त तेच टाकलं जाणार. नदीची प्रतवारी ठरवताना तुम्ही प्राणवायू, बीओडी (घाण कुजताना जंतूंना लागणारा प्राणवायू), कोलिफॉर्म जंतू पाहता. त्या मुख्य निकषांत नायट्रेटच नाही. गावातल्या बायकांच्या हातात तपासणी संच दिलात, त्यात नायट्रेटची चाचणी आहे, आणि त्यांची एकही नोंद या अहवालात नाही. धोरण तुमचं, निकष तुमचे, आणि दोष एकट्या शेतकऱ्याचा, हे आम्ही मान्य करणार नाही.

दोषारोपाचं ते वाक्य मागे घ्या. पुढच्या पावसाआधी पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी लावलेली प्रवाहमोजणीची ठिकाणं उभारा आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे मोसमभर मोजा. तोवर एक काम याच आठवड्यात करा. ज्या विहिरींत नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर आहे तिथे पाटी लावा की सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधाच्या पावडरीत हे पाणी घालू नये, आणि उकळूनही घालू नये. उकळल्यानं पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. आज आमच्या गावांतल्या आया बाळासाठी तेच पाणी उकळून देत आहेत, कारण त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

आपले,
कादवा खोऱ्यातले पाणी तपासणारे नागरिक, जि. नाशिक