लो-कार्ब आहार गटाने सुरू करताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वजन किंवा रक्तातली साखर आटोक्यात आणण्यासाठी आठ-दहा जणांनी मिळून एकाच दिवशी लो-कार्ब (कमी कर्बोदकांचा) आहार सुरू करायचा, मोबाइलवर ग्रुप काढायचा आणि एकमेकांना सांभाळून घ्यायचे, ही पद्धत चांगली आहे आणि तिला आमचा मनापासून पाठिंबा आहे. मात्र अशा गटांत एक घोळ वारंवार होतो. जे डॉक्टरने एकेकट्याला पाहून ठरवायचे, म्हणजे औषधे, क्षार, कर्बोदकांची मर्यादा, ते गटात बसून ठरवले जाते. आणि जे गटच चांगले करू शकतो, म्हणजे रोजची नोंद, मोजमाप, गळणाऱ्याला हाक मारणे, ते राहून जाते. हे पत्र त्याबद्दल आहे.

आधी अपेक्षा ताळ्यावर असाव्यात. इस्रायलमधल्या एका कामाच्या ठिकाणी ३२२ जणांवर दोन वर्षे झालेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात लहान गटांच्या बैठका आहारतज्ज्ञ घेत असत. दोन वर्षांनी लो-कार्ब गटातले ७८ टक्के लोक टिकून होते आणि सरासरी वजन पावणेपाच किलोच्या आसपास उतरले होते. २०१८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवरचा अभ्यास मांडला. त्यांना वर्षभरात गटागटाने बसवून २२ सत्रे दिली होती. लो-कार्बवाल्यांचे सरासरी ६ किलो उतरले, कमी स्निग्ध (लो-फॅट) आहारवाल्यांचे ५.३ किलो. म्हणजे दोन्ही आहार जवळपास सारखेच निघाले. पण प्रत्येक गटाच्या आत फरक प्रचंड होता. कुणाचे ३० किलोच्या घरात उतरले, तर कुणाचे १० किलोच्या आसपास वाढले. गटात वजनाची शर्यत का लावू नये, याचे उत्तर याच आकड्यांत आहे.

लो-कार्ब म्हणजे किती? सर्वसाधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके. ५० ग्रॅमच्या खाली गेले की शरीर चरबीपासून कीटोन बनवून त्यांवर बऱ्याच प्रमाणात चालू लागते. गटाने एकत्र सुरुवात करायची असेल तर १०० ते १३० ग्रॅम हीच मर्यादा धरावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ५० च्या खाली ज्याला जायचे त्याने स्वतःच्या डॉक्टरच्या देखरेखीखाली जावे. गटात असला तरी त्याचा आकडा वेगळाच राहील.

सुरुवातीच्या दिवसाआधी दोन आठवडे हातात ठेवा. या काळात प्रत्येकाने उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), यकृताच्या चाचण्या आणि रक्तदाब तपासून घ्यावा. कंबरेचा घेर बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, टेप न आवळता मोजावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, टाइप १ मधुमेही, मूत्रपिंडाचा आजार असलेले, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले आणि खाण्याच्या मानसिक विकारातून गेलेले यांनी गटाच्या भरवशावर हा आहार मुळीच सुरू करू नये.

आता औषधांकडे येतो. हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड यांसारखी मधुमेहाची गोळी चालू असताना कर्बोदके एकदम निम्मी केली, तर साखर पहिल्याच दिवशी ७० च्या खाली जाऊ शकते. म्हणून डोस आहार सुरू होण्याआधी डॉक्टरकडून ठरवून घ्यावा लागतो. ‘आधी आठवडाभर बघू, मग विचारू’ हे इथे चालत नाही. हात थरथरणे, घाम फुटणे, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसली की लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची. लो-कार्ब सुरू केलेली माणसे नेमक्या या वेळी नियम मोडेल म्हणून साखर घ्यायला कचरतात. तेव्हा गटाच्या पहिल्याच बैठकीत हे मोठ्याने सांगून टाकावे. साखर खाली गेली असताना साखर हे औषध आहे, नोंदवहीत ती मोजायचीसुद्धा नाही.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्यांचा धोका वेगळा आहे. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यात कर्बोदके फार कमी झाली तर रक्तातली साखर ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणे असे काही झाले तर ग्लुकोमीटरचा आकडा चांगला आहे म्हणून घरी थांबू नये. रुग्णालयात जाऊन कीटोन तपासायला सांगावेत आणि चालू गोळीचे नाव आवर्जून सांगावे. रक्तदाबाच्या आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात उठून उभे राहताना चक्कर येऊ शकते. त्यांनी रोज ठरावीक वेळी रक्तदाब मोजून लिहून ठेवावा. वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारे औषध) घेणाऱ्याने पालेभाज्या अचानक दुप्पट केल्या तर औषधाचा परिणाम कमी होतो. त्यालाही आधी डॉक्टरला कळवावे लागेल.

पहिल्या आठवड्यात शरीरात काय होते ते कळले की निम्मी घबराट जाते. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) साठलेले असते आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेले असते. कर्बोदके कमी झाली की हा साठा घटतो आणि ते पाणी निघून जाते. शिवाय इन्सुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंड जास्त सोडियम बाहेर टाकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून डोके दुखणे, गळून गेल्यासारखे वाटणे, चिडचिड, पायात पेटके हे सगळे बहुतांशी याच कारणाने होते. ज्याचा रक्तदाब, हृदय आणि मूत्रपिंड ठीक आहेत त्याने दिवसभरात मिळून अर्धा लहान चमचा जास्तीचे मीठ पातळ सूपमधून घेतले आणि पुरेसे पाणी प्यायले, तर एक-दोन दिवसांत आराम पडतो. बाकीच्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय मीठ वाढवू नये.

इथेच गटातला एक सल्ला जिवावर बेतू शकतो. पेटके येतात असे कुणी लिहिले की दुसरा लगेच सुचवतो, ‘साध्या मिठाऐवजी पोटॅशियमवाले मीठ घ्या, मला फरक पडला.’ टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाब-हृदयाची औषधे घेणाऱ्याने किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्याने ते घेतले, तर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यामुळे औषध, गोळी, क्षार, पूरक पावडर यांतले काहीही गटात सुचवायचे नाही, हा नियम लिहून ठेवावा आणि मोडणाऱ्याचा संदेश समन्वयकाने त्या क्षणी काढून टाकावा. यात भीडभाड ठेवू नये.

सुरुवात एका दमात करण्यापेक्षा तीन आठवड्यांत करावी. पहिल्या आठवड्यात फक्त गोड पेये, फळांचे रस, साखर आणि मिठाई बंद. दुसऱ्या आठवड्यात धान्य आणि बटाटा नेहमीच्या निम्म्याने, आणि रिकाम्या झालेल्या जागी भाज्या व प्रथिने. तिसऱ्या आठवड्यापासून ग्रॅम मोजून ठरलेल्या मर्यादेत. अशा चढणीने पहिल्या आठवड्यातला त्रासही सौम्य होतो आणि औषधांचा डोस बसवायला डॉक्टरलाही वेळ मिळतो.

मोजायला स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा हवाच. वाटी-चमच्याचा अंदाज प्रत्येक घरात वेगळा निघतो. आणि कच्चे की शिजवलेले, हे गटाने एकदाच ठरवून टाकावे. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात जवळजवळ ८० ग्रॅम कर्बोदके असतात, शिजवलेल्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २८. समजा, कुणी दुपारच्या ताटाचा फोटो टाकला: दोन अंडी, २०० ग्रॅम फुलकोबी, १०० ग्रॅम मसूर, १०० ग्रॅम दही. त्यावर नुसता अंगठा दाखवून काही होत नाही. कुणीतरी विचारायला हवे की मसूर शिजवून तोलली की कच्ची. शिजवलेली असेल तर तिचे २० ग्रॅम, फुलकोबीचे १०, दह्याचे ५ आणि अंड्यांचे १ मिळून ताट ३६ ग्रॅमचे होते. कच्ची तोलली असेल तर एकट्या मसुरीचेच साठावर जातात आणि ते ताट दिवसाची बरीचशी मर्यादा खाऊन बसते. दुसरा प्रश्न तेलाचा. दोन मोठे चमचे तेल म्हणजे जवळजवळ २४० किलोकॅलरी. कर्बोदकांच्या हिशेबात तेल शून्य, म्हणून ते नोंदीतूनच गायब होते आणि मग वजन का हलत नाही याचा शोध भलतीकडे सुरू होतो. बदाम-काजूंचेही तसेच. ३० ग्रॅम बदामात ६ ग्रॅम कर्बोदके, पण पावणेदोनशे किलोकॅलरी. डबा शेजारी ठेवून खाल्ले तर तीस ग्रॅमवर कुणी थांबत नाही.

वेष्टनावरचे आकडे वाचताना आधी ते १०० ग्रॅमचे आहेत की एका वाढणीचे, हे पाहावे. युरोपात छापलेल्या कर्बोदकांच्या आकड्यात तंतू (फायबर) धरलेले नसतात, अमेरिकेत धरलेले असतात. पहिल्यातून पुन्हा तंतू वजा केले की हिशेब खोटा लागतो. घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज किंवा ग्लुकोज सिरप असेल तर ती साखरच समजा. माल्टिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेले ‘शुगर फ्री’ पदार्थ साखर थोडी कमी चढवतात, पण चढवतातच, आणि जास्त खाल्ले तर पोट बिघडते.

प्रथिनांकडे मात्र बहुतेक गटांचे दुर्लक्ष होते, याची आम्हाला खरोखर काळजी वाटते. मूत्रपिंड निरोगी असेल तर वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.२ ग्रॅम धरा, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ७२ ग्रॅम. दोन अंड्यांतून १२-१३ ग्रॅम, १०० ग्रॅम मासळीतून २० च्या आसपास मिळतात. शाकाहारी माणसाची अडचण खरी आहे. १०० ग्रॅम शिजवलेल्या मसुरीतून ९ ग्रॅम प्रथिने मिळतात, पण सोबत २० ग्रॅम कर्बोदकेही येतात. म्हणून शाकाहारी सदस्याला १३० ची वरची मर्यादा द्यावी, डाळी-कडधान्ये चालू ठेवावीत आणि कात्री धान्य व साखरेला लावावी. कमी खाणे आणि कमी प्रथिने एकत्र आली की दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहत नाही. तंतूंसाठी रोज निदान ४०० ग्रॅम भाज्या हव्यात, नाहीतर बद्धकोष्ठतेची तक्रार ठरलेली.

गट आठ ते बाराचा असावा. त्याहून मोठा झाला की चार माणसे बोलतात आणि उरलेली वाचत राहतात. समन्वयक एकच, दर तीन महिन्यांनी बदलणारा. जोड्या लावाव्यात. जोडीदाराची नोंद दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी फोन करायचा आणि एवढेच विचारायचे, ‘काल रात्री काय जेवलात?’ वजन विचारायचे नाही. समारंभात भरपूर खाणे झाले की ग्लायकोजेनचा साठा आणि पाणी परत भरून वजन दोन दिवसांत किलो-दोन किलोने वाढलेले दिसते. ती चरबी नसते. पण तो आकडा गटासमोर सांगायचा या लाजेने माणूस बोलेनासा होतो आणि पुढच्या आठवड्यात गट सोडतो. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधी पाणी साचूनही तसेच होते. म्हणून वजन ज्याचे त्याने स्वतःच्या वहीत लिहावे. गटासमोर आणायचे ते आठवड्यातले नोंदीचे दिवस, भाज्यांचे ग्रॅम आणि अडलेला एखादा प्रसंग. साप्ताहिक बैठक तासाभराची पुरते, त्यातला अर्धा वेळ येत्या आठवड्यातल्या अवघड जेवणांच्या तयारीला द्यावा.

तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासावे. या आहारात काहींचे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) बरेच वाढते. तसे झाले तर आहारातली संपृक्त चरबी (तूप, लोणी, साय यांतली) कमी करून डॉक्टरचा सल्ला घ्यावा. ‘लो-कार्बमध्ये कोलेस्टेरॉल बघायचे नसते’ असे कुणी गटात म्हणाले तर ते ऐकू नये. ५० ग्रॅमच्या खाली उतरलेल्यांनी पुढे कर्बोदके आठवड्याला ५ ते १५ ग्रॅमने वाढवत, कायम पाळता येईल अशा आकड्यावर थांबावे. स्टॅनफर्डच्या अभ्यासात लोकांना आधी २० ग्रॅमपर्यंत उतरवून मग याच रीतीने वर आणले होते. वर्षाच्या शेवटी त्यांची सरासरी १३० ग्रॅमच्या आसपास होती.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. एखाद्या गटाने इतके किलो वजन घटवले अशी बातमी छापताना तीन गोष्टी विचारून छापाव्यात: किती जणांनी सुरुवात केली, वर्षानंतर किती उरले, आणि मधुमेह-रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या सदस्यांचे डोस कुणी बदलले.

आपले,
आहारगटांना मार्गदर्शन करणारे काही आहारतज्ज्ञ