काका, तुम्ही ते डायरीत लिहून घेतलंत

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

समोर बोलायला गेले की गळा दाटून येतो, म्हणून लिहितेय.

नदीचं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यात कसं मिसळतं, ते सोनारनं, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्रानं, कसं पाहतात, हा विषय मी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मागितला होता. "सोलापुरात समुद्र कुठाय? विषय बदल," म्हणून मला दोनदा वाटेला लावलं. आपल्या भीमेचं पाणीही कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं, एवढंच सांगायचं होतं. समोरच्यांनी घड्याळ बघितलं. ते अजून सलतंय.

आणि तुम्ही, निवृत्त माणूस, भर उन्हात दाभोळ खाडीतला इको साउंडरचा, म्हणजे आवाजानं खोली मोजणाऱ्या यंत्राचा, जुना कागदी रोल घेऊन घरी आलात. चादरीवर तो उलगडलात. खाली तळाची जाड काळी रेघ, तिच्या बरीच वर पुसट लाटांची नक्षी. "आम्ही खोली मोजायचो, हे मधलं सोडून द्यायचो. काय असेल गं हे?"

मी अडखळत सांगत गेले. मासे असतील, गाळ असेल. पण नक्षी लाटांची आहे, म्हणजे दोन पाण्यांची सीमाही असू शकते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. ते जड पाणी पाचरीसारखं खालून नदीत शिरतं, गोडं वरून वाहतं. दोन थर एकमेकांवरून सरकताना भोवरे उठतात, मिठाचं प्रमाण जागोजागी बदलतं आणि त्या बदलांवरूनही सोनारचा आवाज परततो. अमेरिकेतल्या कनेटिकट नदीच्या मुखाजवळ वुड्स होल या समुद्रसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना असं दिसलं की जास्त मिसळण भोवऱ्यांच्या पोटात नाही, त्यांना जोडणाऱ्या वेणीसारख्या पातळ पट्ट्यांत होते. २०१० साली त्यांनी ते मांडलं.

तुम्ही खिशातून डायरी काढलीत. "थांब, सावकाश सांग. कनेटिकटमधली 'टि' ऱ्हस्व ना?" आणि सगळं लिहून घेतलंत, खाली तारीख आणि माझं नाव. काका, मी सांगितलेलं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. आयुष्य पाण्यावर काढलेला माणूस माझ्यासारख्या पोरीकडून शिकायला मांडी घालून बसतो, याला मी मोठेपणा म्हणते. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांना प्रश्न विचारायचा धीर होतो.

विषय आता मंजूर झालाय, तोच. रोल परत द्यायला रविवारी येते. आईनं तुमच्यासाठी शेंगाचटणी कुटून ठेवलीय.

तुमची,
चादरीच्या त्या टोकाला बसलेली मुलगी